कमी हवेवर बारामती ते बावडा

"काटा न्हाय ह्यो. काट्याचं भोक एक असतंय. ही दोन हायती, शेजारी शेजारी."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. लासुर्ण्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या वहिनी माझ्या डोक्यावरून तात्यांशी बोलत होत्या. माझ्या सायकलची ट्यूब त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात बुडवून धरली होती आणि पाण्यातून बुडबुड्यांच्या दोन बारीक माळा वर येत होत्या.

"हवा कमी हुती का, तात्या?" त्यांनी विचारलं.

तात्या कालव्याकडे बघत म्हणाले, "ऊन किती हाय बघा की."

हे काही उत्तर नव्हतं. ते मला तेव्हाच जाणवलं होतं, पण मी काही बोलले नाही. वहिनींनी मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि पुन्हा तात्यांनाच विचारलं, "नात मुकी हाय का काय तुमची?"

"न्हाय वो. इंग्लिश शाळंत गेलीया."

"मग तर लईच बोलाय पायजे!"

त्या स्वतःच मोठ्याने हसल्या. मीही हसले, थोडं उशिरा.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय सत्तरीच्या पुढे. साखर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर त्यांनी चाळीसेक वर्षं चालवला. आता मळ्यात राहतात आणि कुठेही जायचं तर काळ्या, दांडीच्या, उंच सायकलवरून जातात. ते माझ्यासोबत का होते, ते सांगायला हवं. जूनमध्ये सायकलवरून उत्तरेच्या डोंगरांत, स्पितीला जाणाऱ्या एका गटात मला नाव द्यायचं होतं. पप्पा म्हणाले, "आधी आत्याकडे बावड्याला जाऊन दाखव. तीन पंक्चर झाली की मी पिकअप पाठवणार, सायकल त्यात टाकायची आणि घरी. मग स्पितीचं नाव काढायचं नाही." आई म्हणाली, "आणि एकटी नाही जायचं." तात्या तेव्हा ओसरीवर चहा पीत होते. बशीतून मान वर न करता म्हणाले, "मी जातो की संगं. बावड्याला मलाबी जायाचंच हाय."

कुणी मला विचारलं नाही. मीही हो किंवा नाही म्हटलं नाही. आमच्या घरात माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा लावतात, आणि बहुतेक वेळा तो सोयीचाही असतो.

तर पहिल्याच दिवशी, निघून चार तास होतात न होतात तोच, तीनपैकी एक संपलं होतं.

वहिनींनी ठिगळ लावलं आणि ट्यूब परत घालण्याआधी तिच्यावर पांढरी पावडर चोळली, बाळाला लावतात तशी. मग एकदम माझ्या हाताची कातडी दोन बोटांच्या नखांत धरून चिमटा काढला. मी दचकले.

"बग. हवा कमी असली की दगुड टायर दाबत दाबत पार रिंगंपातूर येतो. मधी ट्यूब सापडती. रिंगंला कडा किती? दोन. म्हनून भोकं दोन. आता चाक टणक करून देते. आन चारी आली की सीटवर पोत्यावानी बसून ऱ्हायाचं न्हाय. बूड उचलायचं. गुडघं ढिलं सोडायचं."

"व्हय," मी म्हणाले.

"बोलती की!" वहिनी तात्यांना म्हणाल्या.

चारी म्हणजे काय, हे या रस्त्याने न गेलेल्यांना सांगते. कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्याची पाइपलाइन रस्त्याच्या पलीकडच्या रानात न्यायची, तर रस्ता आडवा खोदतात, पाइप टाकतात आणि वर मुरूम लोटतात. पावसाने मुरूम बसतो आणि रस्त्यावर आडवी खाच उरते. तिची पलीकडची डांबराची कड टेबलासारखी काटकोनी. परत येताना मी या चाऱ्या मोजायला घेतल्या होत्या. साठपर्यंत मोजून नाद सोडला. गाडीत बसलेल्याला त्या फक्त धक्का देतात. सायकलवाल्याला प्रत्येक चारी वेगळी ओळखता येते.

तात्या प्रत्येक चारीपाशी उतरायचे. सायकल हातात घ्यायची, चाकं हलकेच खाचेत उतरवायची, पलीकडे उचलून ठेवायची, टांग मारायची, आणि शंभर पावलांवर पुन्हा उतरायचं. मला वाटलं, वय झालंय. मी तशीच पुढे जायचे आणि एखाद्या सावलीत त्यांची वाट बघायचे.

शेळगाव

पहिला मुक्काम शेळगावला, तात्यांच्या व्याह्यांकडे. सगळे त्यांना आबा म्हणतात. वस्तीवर पोचलो तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. बायका ताटं मुळासकट उपटून ओळीने आडवी टाकत होत्या. शिवरात्र होऊन गेली होती. सकाळी अजून अंगावर काटा यायचा, पण दुपारी डांबर मऊ लागायचं.

आमच्याकडे बारामतीत पाहुणा आला तर त्याला आधी वायफायचा पासवर्ड मिळतो. इथे आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, मग चहा, आणि चहा संपेपर्यंत कुणीही 'का आलात' असं विचारत नाही. मला ते फार आवडलं. कुणी काही विचारत नसताना माणसांत बसून राहता येतं, हे सुख आमच्या कॉलनीत नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, मटकीची पातळ आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. मी भाकरी चमच्याने मोडायचा प्रयत्न केला नाही, एवढी अक्कल मला होती. पण आमटीत ती कुस्करताना माझा हात मनगटापर्यंत भरला. आबांच्या सूनबाईंनी काही न बोलता माझ्यासमोर पाण्याची वाटी आणून ठेवली. तात्यांनी त्यांच्या ताटातली भाकरी कुस्करून माझ्या ताटात सरकवली आणि माझी अख्खी भाकरी स्वतःकडे घेतली. त्यांना सगळ्यांची काळजी अशी हातानेच घ्यायची सवय आहे. दिवसभरात त्यांनी माझ्या बाटलीत तीनदा पाणी भरलं होतं, एकदाही न विचारता.

आबांनी माझी सायकल फिरून फिरून बघितली. टायरवरच्या जाड गाठींवर बोट फिरवून म्हणाले, "तात्या, हे तर ट्रॅक्टरचंच पिल्लू हाय."

"व्हय," तात्या म्हणाले, "पर पिल्लाला ऊन सोसत न्हाय."

झोपायच्या आधी मी अंगठ्याने टायर दाबून पाहिले. वहिनींनी भरलेली हवा जशीच्या तशी होती.

निमगावच्या पुढे

दुसऱ्या दिवशी निघाल्यापासून सायकल जड चालत होती. मला वाटलं, ठिगळातून हवा झिरपत असेल. मग वाटलं, माझेच पाय दुखताहेत. थांबून हवा भरायला हवी होती, छोटा पंप सॅकमध्येच होता. पण तात्या मागून हळूहळू येत होते, ऊन चढत होतं, आणि 'थांबा' म्हणायचं माझ्या जिवावर येतं. हे शब्द लहान असतात, पण तोंडातून बाहेर काढायला मला वेळ लागतो.

निमगाव केतकीचे पानमळे मागे पडले आणि उताराला एक चारी आली. मी वहिनींनी सांगितल्याप्रमाणे बूड उचललं, गुडघे ढिले सोडले. पुढचं चाक छान पार झालं. मागच्या चाकातून 'खट्' असा आवाज आला. तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा विसरत नाही: दगड थेट लोखंडाला भेटल्याचा आवाज. वीस पावलांत मागचं चाक बसलं.

पुन्हा दोन भोकं, शेजारी शेजारी.

आम्ही सायकली ढकलत मागे गेलो, शेवटच्या पानमळ्याच्या सावलीत. आत शिरल्यावर बाहेरचं ऊन एकदम कुणीतरी बंद केल्यासारखं झालं. शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या उंच झाडांवर वेल चढलेले, खाली ओल, हिरवा अंधार. मालक पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, रचत बसले होते. त्यांनी विचारपूस न करता चार कोवळी पानं तोडून तात्यांच्या हातात ठेवली आणि आम्हाला बसायला पोतं टाकून दिलं. मी पहिल्यांदाच स्वतः ट्यूब बदलली. नखं काळी झाली, एका बोटाचं सालटं निघालं, पण टायर रिमवर शेवटी बसला तेव्हा तात्या मालकांना म्हणाले, "बघा, आमच्या पोरीनं पंक्चर काढलं." आमच्या पोरीनं. मी मान खाली घालून पंप मारत राहिले. तेवढ्यात पप्पांचा फोन आला.

"किती?"

"दोन."

"म्हणजे एक उरलं," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण तयारी होती. "पिकअपवाल्याला सांगून ठेवू का?"

मी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला.

इंदापूर

इंदापुरात माझी मावशी शिक्षिका आहे. तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. सायकली खाली पार्किंगमध्ये लावल्या. रात्री तिने चिलापीचा रस्सा केला होता. धरणाच्या पाण्यातला हा मासा इथे बाजारात भाजीसारखा मिळतो. तात्या माळकरी, त्यांनी पिठलं-भात खाल्ला आणि मला काटे काढून देत बसले. माशाला हात लावत नाहीत, पण माझ्या घशात काटा अडकू नये म्हणून चमच्याच्या टोकाने एकेक काटा बाजूला करत होते. मावशी माझ्याकडे बघून हसली.

सकाळी उजाडता उजाडता मला जाग आली. चहाला अजून वेळ होता म्हणून मी बाल्कनीत गेले. खाली तात्या माझ्या सायकलपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मागचा टायर अंगठ्याने दाबला. मग खिशातून काडी काढली, चाकात हवा भरतात त्या तोंडाशी धरली आणि दाबली. फुस्स असा आवाज मला ऐकू आला असं वाटलं. इतक्या वर तो येणं शक्य नव्हतं. मग पुढचं चाक. पुन्हा काडी.

मला आधी राग आला. इतका राग मला कधी येत नाही. पहिला विचार असा आला की हे पप्पांनीच सांगितलं असणार. तीन पंक्चर, पिकअप, स्पिती बंद. किती सोपं. आणि मी दोन दिवस स्वतःलाच दोष देत होते.

मग तात्या उठले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी माझं सीट पुसलं, हँडल पुसलं, आरसा पुसला. त्यानंतर स्वतःच्या सायकलपाशी गेले, तिचेही टायर दाबून पाहिले आणि तिचीही हवा थोडी सोडली.

म्हणजे पप्पांचा काही संबंध नव्हता. तात्या स्वतःच्या सायकलीला जे करत होते तेच माझ्या सायकलीला करत होते. त्यांना काही होत नव्हतं, कारण ते प्रत्येक चारीला उतरत होते. कमी हवेच्या चाकाला चारीवरून उतरून नेलं तर काहीच होत नाही. मी बसून जात होते.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी खाली जाऊन दोन्ही चाकं भरली. त्या छोट्या पंपाने दीड-दोनशे दट्टे लागतात. वर आले तेव्हा दंड थरथरत होते. 

बावड्याचा रस्ता

इंदापूर सोडल्यावर रस्ता दक्षिणेला वळतो. दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाची रानं, मधूनच पाचट जाळल्याचा काळा पट्टा, मग एकदम डाळिंबाच्या बागा. सायकल अशी पळत होती की मला गाणं म्हणावंसं वाटलं. चाऱ्या आल्या, मी उठून उभी राहिले, गुडघे सोडले, चाकं टणकन उडून पलीकडे गेली. एकदाही 'खट्' झालं नाही. ज्यांना अशा रस्त्यांवर जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच: हवा पुरेशी भरा, चारीच्या कडेवरून सीटवर बसून जाऊ नका, आणि रोज सकाळी चाक स्वतःच्या अंगठ्याने बघा. दुसऱ्याच्या अंगठ्यावर सोडू नका, मग तो अंगठा कितीही मायेचा असो.

बावडा जवळ आलं तेव्हा एका चिंचेखाली मी तात्यांची वाट बघत थांबले. ते आले, सायकल झाडाला टेकवली, पाणी प्यायले, आणि सवयीने माझ्या चाकाशी वाकले. अंगठा लावला. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी भरली?"

"मी."

"लई भरलीस गं." ते खाली बसले. खिशात हात गेला. काडी बाहेर आली. "लई ऊन हाय. फुटंल."

मी हात पुढे केला नाही, की मागेही सरकले नाही. तात्यांनी काडी चाकाच्या तोंडाशी नेली आणि तिथेच धरून ठेवली. दाबली नाही.

"तुझा आजा डाव्या कानानं बहिरा कशानं झाल्ता, ठाऊक हाय?"

"तापाने," मी म्हणाले. आमच्या घरी सगळे तसंच सांगतात.

"तापानं न्हाय. माझ्यानं."

मग ते चाकाकडे बघतच बोलत राहिले. एप्रिल महिना होता. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग. तात्यांच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, दोन्ही उसाने खच्चून भरलेले. एका ट्रेलरचा टायर जुना होता, म्हणून त्यांनी वाटेत हवावाल्याला जास्त भरायला लावली होती. "तो नगं म्हनत हुता. मीच म्हनलो, भर, काय हुत न्हाय." दुपारी दादा, म्हणजे माझे आजोबा, डबा घेऊन आले. रांग हलत नव्हती. सावली फक्त ट्रेलरची. दादा चाकाला टेकून बसले आणि डबा सोडायला लागले.

"आवाज असा झाला की मला वाटलं, बाँबच. दादाच्या कानातनं रगत आलं. घरी त्यानंच सांगितलं, ताप आल्ता म्हनून. मला कुनी कायबी बोललं न्हाय. त्योबी न्हाय. जन्मभर न्हाय. एक शिवी दिली आसती ना पोरी, तर बरं झालं आसतं."

एक ट्रॅक्टर गेला. तो पुरता दिसेनासा होईपर्यंत तात्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"त्या पंक्चरवाल्या बाईनं सांगितलं ते मला कळलं हुतं," तात्या म्हणाले. "कमी हवेनंच हुतंय ते. तुझं दुसरं झालं तवा तर पक्कं कळलं. तुला तिकडं डोंगरात जायाचंय, तेबी ठाऊक हाय. पर ऊन पडलं की ह्यो हात ऐकत न्हाय बघ."

काडी धरलेला हात त्यांनी मला दाखवला. 

मी गप्प राहू शकले असते. त्यांना हवा सोडू दिली असती, उरलेल्या वाटेला प्रत्येक चारीपाशी त्यांच्यासारखी उतरले असते आणि कदाचित तशीच पोचले असते. मला ते जमतं. पण आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तात्यांना जे कुणीतरी सांगायला हवं होतं ते सांगणारं आता दुसरं कुणी नव्हतं. घरात बोलण्यापेक्षा बघत बसणारी मी एकटीच होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सॅकमधून पंप काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तात्या, तुम्ही घरी जेवायला आलात की आजोबा तुम्हाला नेहमी उजव्या हाताला बसवायचे. पप्पा तिथे बसले असले तर त्यांना उठवायचे. तो त्यांचा ऐकू येणारा कान होता. त्यांना तुमचंच बोलणं ऐकायचं असायचं. मी लहान होते, पण मी दर वेळी समोर बसून बघितलंय. आता ती काडी टाका. पुढच्या चाकात अजून थोडी हवा लागेल, ती तुम्ही भरा. मी थांबा म्हणेपर्यंत भरा."